तूर्मालेचा ‘जेआं’: हिवाळ्यात नाहीसा होणारा पुतळा आणि त्याच्यापर्यंतचा चढ

फ्रेंच पिरेनीज पर्वतात २११५ मीटर उंचीवर तूर्माले ही खिंड आहे. तूर द फ्रान्स सायकलशर्यत आजवर सगळ्यात जास्त वेळा चढली तो डोंगर हाच. माथ्यावर एका सायकलस्वाराचा चंदेरी धातूचा पुतळा आहे. अंगाने माणसाहून मोठा, पॅडलवर उभा, तोंड उघडं, धापा टाकणारा. सगळे त्याला ‘जेआं’ म्हणतात, म्हणजे महाकाय माणूस. हा पुतळा वर्षभर तिथे नसतो. हिवाळा तोंडावर आला की तो उतरवून खाली दरीत नेतात आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा वर चढवतात. हे माहीत नसल्याने कितीतरी लोक चुकीच्या महिन्यात जातात आणि रिकाम्या जागेचा फोटो घेऊन परततात. म्हणून आधीच सांगतो: पुतळ्यासाठी जायचं असेल तर जूनचा मध्य ते सप्टेंबरअखेर, एवढाच काळ धरा.

शिल्पकार जाँ-बेर्नार मेतेस, साल १९९९. पुतळा फ्रेंच सायकलपटू ऑक्ताव्ह लापीझचा मानला जातो आणि त्यामागची कथा १९१० सालची आहे. शर्यतीचे सर्वेसर्वा आँरी देग्रांज यांना उंच पिरेनीजची धास्ती वाटत होती. त्यांचा सहकारी अल्फाँस स्तेनेस रस्ता पाहायला गेला, बर्फात गाडी अडली, रात्री पायी खिंड ओलांडताना तो मरता मरता वाचला. तरीही त्याने तार केली ती अशी, की तूर्माले ओलांडला, रस्ता फार चांगला आहे, जाण्याजोगा आहे. त्या तारेच्या भरवशावर २१ जुलै १९१० रोजी लूशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरचा टप्पा झाला. पेरसूर्द, आस्पँ, तूर्माले आणि ओबिस्क असे चार मोठे घाट एकाच दिवसात. तूर्मालेच्या माथ्यावर लापीझ सर्वांत आधी पोचला, टप्पाही त्यानेच जिंकला आणि ती शर्यतही. सात वर्षांनी, १४ जुलै १९१७ रोजी, पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक म्हणून तो मारला गेला.

इथे दोन गोष्टी नीट करून घ्यायला हव्यात, कारण प्रवासवर्णनांत त्या सर्रास चुकतात. ‘तुम्ही खुनी आहात’ हे लापीझचे प्रसिद्ध उद्गार तूर्मालेचे नाहीत. तो आयोजकांवर ओरडला ते पुढच्या ओबिस्कच्या घाटात, आणि त्याचे नेमके शब्द कोणते यावर वेगवेगळी कथनं आहेत. दुसरी गोष्ट पुतळ्याच्या अर्थालाच भिडते. लापीझ तूर्मालेवर पहिला आला खरा, पण काही अंतर सायकल हातात धरून, पायी चालून. एकदाही न उतरता पूर्ण घाट चढला तो ग्युस्ताव्ह गारिगू, आणि त्याबद्दल त्याला १०० फ्रँकचं बक्षीस मिळालं. म्हणजे पॅडलवर उभं राहून धापा टाकणाऱ्या या देहात लापीझइतकाच गारिगूही आहे. पुतळ्याला लापीझ न म्हणता ‘जेआं’ म्हणण्याची तिथली रीत म्हणूनच जास्त बरोबर वाटते. चालत्या सायकलवर गियर बदलायची सोय त्या काळी शर्यतीत नव्हतीच, डिरेलरला (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मिळाली १९३७ साली. एकच गियर घेऊन, खडीच्या रस्त्यावर हा चढ चढणारी माणसं कुठल्या हाडाची असतील, हे पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर अंगात शिरतं.

शिल्प म्हणून तो चांगला का आहे, तर त्यात विजय नाही. हात उंचावलेले नाहीत, छाती पुढे काढलेली नाही. वर चढून आलेल्या माणसाचा चेहरा जसा असतो तसाच त्याचा आहे, त्यामुळे शेवटचं वळण पार करून आलेला प्रत्येक जण त्याच्याकडे आरशात पाहावं तसा पाहतो. शरीर ताणून लांबवलेलं आहे, हुबेहूबपणाचा हट्ट नाही. ज्यांना सायकलचा प्रत्येक भाग अचूक हवा असतो त्यांना तो खटकेल. आम्हाला तो ताणच योग्य वाटतो.

आता तो नाहीसा का होतो, ते. हिवाळ्यात तूर्मालेचा रस्ता बंद असतो. साधारण नोव्हेंबरपासून मेच्या उत्तरार्धापर्यंत तो बर्फाखाली जातो आणि पूर्वेचं ला माँजी व पश्चिमेचं बारेज या दोन्ही गावांच्या स्कीइंगच्या उतरणी खिंडीवरूनच जातात. उन्हाळ्यात जिथे डांबर असतं तिथे हिवाळ्यात स्की करणारे असतात. बर्फाचा भार, वारा आणि माथ्यावरची ही वर्दळ यांत पुतळा ठेवणं शहाणपणाचं नाही. म्हणून तो उतरवतात. जूनमध्ये तो परत वर जातो तेव्हा ट्रकवर आडवा बांधलेला असतो आणि त्याच्यासोबत शेकडो सायकलस्वार पूर्वेच्या, बान्येर-द-बिगॉर गावाच्या बाजूने घाट चढतात. कुणी शर्यतीच्या वेगाने जात नाही. कुठलंही स्मारक एकदा उभं राहिलं की लोक त्याच्याकडे बघायचं विसरतात. याला दरवर्षी माणसांनी सोबत करून डोंगरावर न्यावं लागतं, आणि त्यामुळे तो जिवंत राहिला आहे. तारखा जुळत असतील तर याच दिवशी जा. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्या दिवशी माथ्यावर फोटोला गर्दी असते, जूनच्या सुरुवातीला रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती उरलेल्या असू शकतात, आणि बर्फ उशिरा वितळलं तर खिंड उघडायलाही उशीर होतो. घाटाच्या पायथ्याशी फलक असतो, त्यावर ‘उव्हेर’ असेल तर खिंड उघडी, ‘फेर्मे’ असेल तर बंद. ‘फेर्मे’ वाचूनही पुढे गेलात तर बहुधा ला माँजी किंवा बारेजच्या वर कुठेतरी अडथळा लागेल आणि परत फिरावं लागेल.

कोणत्या बाजूने चढावं? दोन्ही बाजू कागदावर सारख्या दिसतात, रस्त्यावर नाहीत.

पश्चिमेकडून, ल्यूझ-सँ-सोव्हरहून, १९ किलोमीटर, १४०४ मीटर चढ, सरासरी ७.४ टक्के. सुरुवातीपासूनच चढ आहे. सात किलोमीटरवर बारेज हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव लागतं, उंची सुमारे १२५० मीटर. बाटल्या इथे भरून घ्याव्यात, कारण यापुढच्या १२ किलोमीटरमध्ये भरवशाची सोय माथ्यावरच. बारेज संपल्यावर दरी उघडी होते आणि ऊन थेट अंगावर येतं. गोबी पुलाजवळ जुना रस्ता फुटतो. त्याला आता फ्रेंच सायकलपटू लोराँ फिन्याँचं नाव दिलं आहे आणि त्यावर मोटारींना बंदी आहे. डांबर जुनं, खडबडीत आणि अरुंद, पण मोटारसायकलींच्या आवाजाशिवाय डोंगर ऐकायचा असेल तर हाच रस्ता घ्या. २८ मिलिमीटर टायर असतील तर अडचण नाही. २३ मिलिमीटरवर, हवा टच्च भरलेली असेल तर, हात बधिर होतात. पुढे हा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो. शेवटचा किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि माथ्याआधीचं वळण त्याहून तिखट. तिथे गियर शिल्लक नसेल तर उतरावं लागतं, तेही पुतळ्याच्या नजरेच्या टप्प्यात.

पूर्वेकडून, सँत-मारी-द-कांपांहून, १७.२ किलोमीटर आणि १२६८ मीटर. सरासरी तेवढीच भरते, पण ती फसवी आहे. पहिले चार-साडेचार किलोमीटर, ग्रिप गावापर्यंत, सौम्य आहेत. त्यांनी सरासरी खाली आणली आहे. ग्रिपनंतर माथ्यापर्यंत जवळजवळ १२.५ किलोमीटर सलग चढ, सरासरी आठ टक्क्यांच्या वर. या बाजूला बहुतेकांची चूक एकच होते. सौम्य भागात पाय हलके वाटतात म्हणून जोर लावतात आणि ला माँजीच्या आधी, हिमस्खलनापासून रस्ता वाचवायला बांधलेल्या बोगदेवजा छपरांखाली, नऊ-दहा टक्क्यांवर त्याची किंमत मोजतात. ला माँजी दिसायला रुक्ष आहे. इमारती स्कीइंगसाठी बांधलेल्या, उन्हाळ्यात अर्धं गाव ओस. पण पाणी आणि खायला मिळतं, आणि पिक द्यु मिदी वेधशाळेकडे (२८७७ मीटर) जाणारा रोपवे इथूनच सुटतो. इथून माथा चार किलोमीटर.

पुतळा आणि चढ दोन्हींचा आनंद हवा असेल तर आमचं मत ल्यूझच्या बाजूने. माथा उशिरा दिसतो, जुना रस्ता मिळतो आणि चढ लपवाछपवी करत नाही.

दोन्ही बाजूंना दर किलोमीटरला सायकलस्वारांसाठी पाट्या आहेत. उरलेलं अंतर, उंची आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ त्यांवर लिहिलेला असतो. पाटीवरचा आकडा सरासरीचा असतो. आठ टक्के लिहिलं असेल तर आत कुठेतरी शंभर-दोनशे मीटर दहा-अकराचे निघतात. पाटी पाहून वेग ठरवू नका, श्वास पाहून ठरवा.

गियरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भारतातून जाणारे इथेच चुकतात. सिंहगडचा किंवा पसरणीचा घाट पुढच्या चक्राच्या ३९ आणि मागच्या चक्राच्या २५ दातांवर (३९/२५) निघतो, म्हणून तूर्मालेही निघेल असं गृहीत धरलं जातं. तूर्मालेचा माथा कळसूबाईच्या शिखराहून सुमारे ४७० मीटर उंच आहे आणि चढ सलग दोन तासांचा आहे, हा हिशेब त्यात सुटतो. आकडे पाहा. ७५ किलोचा माणूस, ९ किलोची सायकल, आठ टक्के चढ, ताशी ९ किलोमीटर वेग. यासाठी साधारण १८० वॉट लागतात. आता तोच वेग वेगवेगळ्या गियरवर ठेवायला पाय मिनिटाला किती वेळा फिरवावे लागतील? ३९/२५ वर ४६ वेळा, ३४/२८ वर ५९ वेळा, ३४/३२ वर ६७ वेळा. ताकद तिन्हींत तेवढीच जाते, पण ४६ फेऱ्यांवर प्रत्येक दाबाचा भार गुडघ्यावर आणि मांडीवर पडतो आणि तासाभराने मांड्या भरून येतात. ६७ वर भार श्वासावर जातो, जो थोडं थांबल्यावर सावरतो. म्हणून पुढे ३४ आणि मागे किमान ३२, पन्नाशीच्या पुढच्यांना किंवा सामान घेऊन जाणाऱ्यांना मागे ३४ किंवा ३६. मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवताना मागचा डिरेलर तेवढे दात पेलतो का ते आधी तपासा. छोट्या पिंजऱ्याचा डिरेलर २८-३० च्या पुढे बहुधा घेत नाही, आणि मोठी कॅसेट लावून चेन जुन्याच लांबीची ठेवली तर पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र या जोडीवर चेन ताणून डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) मोडतो. हे काम घरी करून, एखादा घाट चढून पाहून मगच सायकल पेटीत भरा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून एक जादा हँगर सोबत न्या. पिरेनीजच्या गावात तुमच्याच फ्रेमचा मिळेलच असं नाही.

दोन तासांत सुमारे १३०० किलोकॅलरी खर्च होतात. तासाला ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं, आणि ते पहिल्या अर्ध्या तासापासून. शेंगदाण्याची चिक्की खिशात चालते, पण तीत तेल जास्त, पोटात रेंगाळते. राजगिऱ्याची किंवा खजूर त्याहून बरे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्केच असतो. मुंबईहून थेट आलेल्याला शेवटच्या चार किलोमीटरमध्ये पाय न थकताही दम लागतो, तो यामुळे. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तूर्माले न घेता मध्ये दोन दिवस छोटे घाट करावेत.

माथ्यावर काय आहे? पुतळा. ज्याक गोदे यांचं स्मारक, ज्यांनी १९३६ पासून पाच दशकं शर्यतीची धुरा वाहिली. शर्यतीत जो पहिला इथे पोचतो त्याला आजही त्यांच्या नावाचं पारितोषिक मिळतं. एक उपाहारगृह आणि आठवणवस्तूंचं दुकान. कॉफी, सूप, क्रेप असं साधं खाणं मिळतं, किंमत डोंगरमाथ्याची. चव शोधायला तिथे जाऊ नये, ऊब शोधायला जावं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात मोटारी आणि मोटारसायकली इतक्या असतात की पुतळ्याजवळ उभं राहायला रांग लागते. धावत्या इंजिनांचा धूर त्या उंचीवर फारच खुपतो, आणि या जागेची आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच. सकाळी सातला पायथा सोडला तर साडेनऊच्या आत माथ्यावर असता. तेव्हा मेंढ्या, गाई, थोडे सायकलस्वार आणि जेआं, एवढेच. दुपारी वादळी पाऊस येण्याची शक्यता असते, त्यापासूनही सुटका होते. धुक्यात मात्र काहीच दिसत नाही. २०१० साली शर्यतीच्या पिरेनीज शतकाचा टप्पा याच माथ्यावर संपला, अँडी श्लेक जिंकला, तो दाट धुक्यातच. २०१९ मध्ये तिबो पिनो इथे जिंकला. २०२३ मध्ये महिलांच्या तूर द फ्रान्समध्ये डेमी व्होलेरिंगने इथेच शर्यत खिशात घातली आणि त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टातला टप्पा योनास व्हिंगेगोने जिंकला. एवढ्या आठवणी असलेल्या माथ्यावर त्या सांगणारं काही मोठं दालन असावं, असं फार वाटतं.

उतार चढापेक्षा धोक्याचा. खाली ल्यूझला २५ अंश असतील तर वर पंधरा-सोळा, वारा असेल तर त्याहून कमी वाटतं, आणि अंगातला कपडा घामाने ओला. ताशी ५० च्या वेगाने पाच मिनिटांत बोटं आखडतात आणि ब्रेक दाबणं जड जातं. विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कोरडी बनियन सोबत हवीच. माथ्यावरच कपडे बदला, पहिल्या वळणानंतर नाही. माथ्यापासून सँत-मारीपर्यंत उतरताना ८४ किलोच्या एकूण वजनातून सुमारे १० लाख जूल ऊर्जा सुटते. यातली जी हवा खात नाही ती ब्रेक खातात. ब्रेक सतत हलका धरून ठेवला तर कार्बनची रिम तापून सोलवटते किंवा ट्यूब फुटते, डिस्क असेल तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन पकड जाते. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा, मधल्या सरळ पट्ट्यात हवेला काम करू द्या. छपरांखाली शिरताना काळा चष्मा आधीच नाकावरून खाली घ्या. डोळे सरावेपर्यंतच्या दोन सेकंदांत समोर गाय असू शकते. उन्हाळ्यात रस्तादुरुस्तीसाठी डांबरावर सुटी बारीक खडी पसरतात. ती दिसली की सायकल सरळ ठेवून, ब्रेक न दाबता पार करावी.

पुतळा खाली गेलेल्या महिन्यांत या भागात असाल तर निराश होऊ नका, सँत-मारी-द-कांपांला जा. १९१३ सालच्या शर्यतीत तूर्माले उतरताना युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून जास्त चालत या गावी आला आणि लोहाराच्या भट्टीत स्वतः फोर्क जोडला. नियमाप्रमाणे दुसऱ्याची मदत चालत नव्हती. भात्याला हात लावला एका पोराने, म्हणून क्रिस्तोफला १० मिनिटांचा दंड झाला, तो पुढे ३ मिनिटांवर आणला. तास गेले, शर्यत गेली, पण त्याने ती पुरी केली. त्या भट्टीच्या जागी पाटी आहे आणि गावात फोर्क हाती धरलेला क्रिस्तोफचा पुतळा आहे, जो हिवाळ्यातही जागचा हलत नाही.

पोचायचं कसं: पॅरिसच्या माँपारनास स्थानकातून तार्ब किंवा लूर्दला थेट वेगवान रेल्वे. सायकल सुटी करून पिशवीत भरली आणि पिशवी १३० × ९० सेंटिमीटरमध्ये बसली तर सामान म्हणून नेता येते. लूर्दहून पिएरफितपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलमार्ग आहे, तिथून अरुंद दरीतल्या रस्त्याने ल्यूझ साधारण १२ किलोमीटर. पूर्वेसाठी तार्बहून बान्येर २१ आणि तिथून सँत-मारी १२ किलोमीटर. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनमध्ये जेआंसोबत चढायचं असेल तर हिवाळ्यातच कामाला लागा.

आमचे गुण: पुतळा आणि त्याची वार्षिक चढाई पाचपैकी पाच, ल्यूझची बाजू पाच, सँत-मारीची साडेचार, माथ्यावरच्या सोयी तीन, जुलै-ऑगस्टमधल्या दुपारच्या गर्दीला पाचपैकी दोन.